निळ्या लोकरीची वाट

९ ऑगस्ट १९८६, शनिवार

आले बाई एकदाची कूसिमेकीला! सामान खोक्यांत, गादी जमिनीवर, कॉफीची किटली कुठे गेली देव जाणे, पण आज मला कशाचंच काही वाटत नाहीये. हेलसिंकीत इतकी वर्षं तिसऱ्या मजल्यावर ट्रामचा खडखडाट ऐकत काढली. इथे खिडकी उघडली की पाइनचा वास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्चची झाडं, घरटी एक सफरचंदाचं झाड, आणि रस्ता संपतो तिथे रानच सुरू होतं. राखीव रान आहे, म्हणजे उद्या कुणी समोर इमारत उठवेल ही भीती नाही. तळं सायकलच्या टप्प्यात. दातांच्या दवाखान्यातली माझी नवी नोकरी चालत जाण्याच्या अंतरावर. नवऱ्याशी फारकत झाली की बायका खचतात म्हणे. मी तर घर घेतलं!

घर जोडघर आहे. मधल्या भिंतीपलीकडे लेम्पी आजी राहते. ऐंशी कधीच ओलांडलेली, एकटी, अंगात घरी विणलेला निळा स्वेटर. अख्खी वसाहत तिला आजीच म्हणते, मग मीही म्हणायला लागले. सामान उतरत होतं तेवढ्यात ती वेलचीचे गोड पाव आणि निळ्या लोकरीचे मोजे घेऊन दारात हजर. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला इथे तिच्या हातचे मोजे मिळतात, आणि ते निळेच. म्हणाली, अगं, ट्रकभर सामान आणलंस, पण हिवाळ्यात पायांत काय घालणार आहेस? मी म्हटलं, आजी, आत्ता ऑगस्ट आहे. तर म्हणे, इथला हिवाळा सांगून येत नाही पोरी. समोरचा इल्मो लगेच म्हणाला, घे गं मुकाट्याने, नाही म्हणालीस तर दोन जोड देईल. हा इल्मो वसाहतीचा कारभारी. निवृत्त पोस्टमन, डोक्यावर केस नाही आणि जिभेला हाड नाही. मला आवडला.

२३ ऑगस्ट, शनिवार

दोन आठवड्यांत मी इथलीच होऊन गेलेय, फक्त एका बाबतीत माझं हसं होतंय. अळंबी! यंदा पाऊस झकास झालाय, पिवळी अळंबी नुसती उतू जातेय म्हणे. जो तो टोपल्या भरून आणतोय आणि मी दवाखान्यातून आले की बूट चढवून जाते, दलदलीवरच्या फळ्यांच्या वाटेने खडकापर्यंत चढते, वरून तळं बघते, डास चावून घेते आणि रिकामी परत येते. काल इल्मोने कुंपणावरून विचारलंच, काय काइसु, टोपलीला हवा खायला नेली होतीस वाटतं?

बरं, विचारायची सोय नाही. रान सगळ्यांचं, पण जागा ज्याची त्याची. माझ्या आईने सख्ख्या बहिणीला आपली जागा सांगितली नव्हती. मावशी मरेपर्यंत त्यावरून टोमणे मारायची. कुणी टोपली घेऊन निघालं की आपण दुसरीकडे बघायचं. मागे तर चुकूनही जायचं नाही. कुठून आणलीस विचारलं तर उत्तर एकच, रानातून.

सगळ्यांत भरलेली टोपली लेम्पी आजीची. आज तिच्याकडे कॉफीला गेले तर ओट्यावर ही रास! कॉफी ओतताना ती कपात बोट घालून ठेवते आणि बोटाला चटका बसला की थांबते. म्हातारपणीच्या सवयी, दुसरं काय. मी लाडात येऊन म्हटलं, आजी, नुसती दिशा तरी सांग ना. ती खो खो हसली. म्हणाली, जन्मभर संसार केला त्या नवऱ्याला शेवटपर्यंत सांगितली नाही, तुला सांगू होय? मग एक वाडगाभर अळंबी माझ्या हातात दिली. मला भीक घेतल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर राग आला.

३१ ऑगस्ट, रविवार

सापडली! कुठे, ते या वहीतसुद्धा लिहिणार नाही. भिंतीला कान असतात, मग वहीला डोळे असायला काय हरकत? एवढंच लिहिते की दलदलीच्या पलीकडे माझा पाय घसरला, मी एक फांदी पकडली आणि हाताला लागला निळ्या लोकरीचा धागा. बोटभर, नीट गाठ मारलेला. थोडं पुढे दुसरा. त्याच्यापुढे तिसरा. ती लोकर मी ओळखणार नाही? कपाटात मोजे पडलेत की तिचे.

तिथूनच मागे फिरायला हवं होतं. कळत होतं मला. पण पाय कुठले ऐकतात! धाग्यामागून धागा करत एका आडव्या पडलेल्या स्प्रूसच्या झाडापाशी पोचले, तर काय, खालचं शेवाळ दिसू नये इतकी पिवळीधमक अळंबी. मी गुडघे टेकले आणि हावरटासारखी तोडत सुटले. चार आजीला ठेवावीत असं मनात आलं होतं. ती चारही शेवटी टोपलीत गेली.

परत येताना धागे सोडवत आले. एकूण एक. का, तर मला सापडले तसे उद्या इल्मोला सापडतील. आणि राखीव रानात लोकर टांगून ठेवायची म्हणजे कचराच की तो. आजीचं काय, ती जन्मभर तिथे जातेय, डोळे मिटूनसुद्धा पोचेल. धाग्यांचा मुठीएवढा गुंता कोटाच्या खिशात आहे. उद्या टाकून देईन.

६ सप्टेंबर, शनिवार

आज वसाहतीचं श्रमदान होतं. पानं गोळा करायची, सार्वजनिक कुंपण रंगवायचं, मग शेकोटीवर सॉसेज आणि ज्याने त्याने घरून आणलेलं. मी अळंबी भरलेली पेस्ट्री भाजून नेली होती. हां हां म्हणता संपली! इल्मो बोटं चाटत म्हणाला, कुठून गं आणलीस एवढी? मी म्हटलं, रानातून. सगळे खदाखदा हसले. कुणीतरी पाठीत धपाटा घालून म्हणालं, झाली बरं का काइसु आपल्यातली. किती वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

लेम्पी आजी घडीच्या खुर्चीत विणत बसली होती. तिनेही एक तुकडा घेतला, सावकाश चावला. म्हणाली, शोधलीस म्हणायची स्वतःची जागा, शाब्बास. आणि हसली. माझ्याकडे बघून नाही, माझ्या जराशी बाजूला बघून. पुढे म्हणाली, जीभ चाळवलीस बाई माझी, उद्या मीही जाऊन येते.

आजी, जाऊ नकोस, तिथे काही उरलेलं नाही, हे तोंडावर आलं होतं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. मी सॉसेज उलटत बसले.

८ सप्टेंबर, सोमवार

आजी काल दुपारी गेली ती परत आलेली नाही.

सकाळी इल्मोने सगळ्यांना रस्त्यावर गोळा करून विचारलं, आजी कुठल्या बाजूला जाते, कुणाला ठाऊक आहे का? जन्मात कुणी तिच्या मागे गेलेलं नाही, मग ठाऊक कसं असणार? मी बुटांकडे बघत उभी होते.

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मी म्हातारीची जागा लुटली, तिच्या खुणा उपटल्या आणि तीच अळंबी तुम्हाला खायला घातली? परवाच तर आपल्यातली म्हणाले होते मला. कुणीतरी म्हणालं की आजी तळ्याच्या रस्त्याने जाताना दिसली होती, म्हणून सगळे तळ्याकडे निघाले. चुकीची बाजू. मीही गेले. सगळ्यांत मोठ्याने हाका मीच मारत होते.

दुपारपर्यंत सापडली नाही तर सांगते, असं ठरवलं होतं. मग संध्याकाळपर्यंत. आता पाऊस लागलाय. एखाद्या झाडाखाली बसली असेल. म्हातारी चिवट आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

तिची लेक सिर्पा उत्तरेकडून, ओलूहून आली. पोलिसांना सांगत होती ते मी दारात उभी राहून ऐकलं. आजीला जवळजवळ दिसतच नव्हतं. दोन वर्षं झाली. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिने लेकीला, घर सोडून वृद्धाश्रमात जावं लागेल म्हणून. नाकासमोर धरलेली एखादी भडक वस्तू तेवढी दिसायची. रानात गडद निळं दुसरं काही नसतं, म्हणून निळी लोकर. एका धाग्यापासून दुसऱ्या धाग्यापर्यंत चाचपडत जायची आणि तशीच परत यायची.

कपात घातलेलं ते बोट. माझ्या जराशी बाजूला बघून हसणं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही.

पोलिसाने मला विचारलं, तुम्ही भिंतीला भिंत लावून राहता, कधी जागेबद्दल काही बोलली होती? मी म्हटलं, नाही. खोटं नव्हतंच ते. बोलली नव्हती ती.

पाऊस थांबत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

पोलिसांचा नंबर फिरवला. पलीकडून आवाज आला, मी फोन ठेवला. पुन्हा फिरवला. पुन्हा ठेवला.

मग रबरी बूट घालून स्वतः गेले. दलदलीत फळ्यांवरून पाणी वाहतंय. तिथूनच परत आले. पाण्यामुळे नाही. पुढे मला ती सापडली असती म्हणून.

धागे सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, चुलीत टाकले. जळक्या लोकरीचा वास घरभर बसलाय. खिडक्या उघड्या टाकल्या तरी जात नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

शोध थांबवला. पाच दिवसांच्या पावसात या वयाचं माणूस, आता आशा नाही, असं त्यांनी सिर्पाला हळू आवाजात सांगितलं.

गावी जाण्याआधी ती माझ्याकडे आली. फ्रीजरमधले आजीच्या हातचे पाव आणले होते. म्हणाली, तू तरी खा, मला घशाखाली उतरत नाहीत. मग म्हणाली, आईला तू फार आवडली होतीस. फोनवर म्हणाली होती, सिर्पा, डोळे गेले माझे, तुला एवढ्या लांबून यायला होत नाही. शेजारी एकटी पोरगी आलीय, या शरदात तिला जागा दाखवून टाकते. रुसून बसलीय माझ्यावर, तिची मजा करते थोडी आणि मग हाताला धरून नेते. मग सिर्पाने मला विचारलं, तुला बोलली होती का गं?

मी नाही म्हटलं.

तिने माझा हात धरला. तेव्हा तरी बोलायचं होतं. सगळं जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, कॉफी घेणार का?

१६ सप्टेंबर, मंगळवार

फाटकाजवळच्या झाडाला धागा बांधलाय. निळा. बोटभर.

मी जाळले होते. एकूण एक जाळले होते. म्हणजे कुणीतरी मला बघितलंय. इल्मो असणार. त्याला कळलंय आणि तो मला छळतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. धागा तोडला आणि मुठीत धरून तशीच त्याच्या दारात गेले. त्याने दार उघडलं आणि माझा अवतार बघून म्हणाला, अगं, झोपतेस की नाही? किती मनाला लावून घेशील? तुझ्या हातात होतं का काही? सुपाचं पातेलंच माझ्या हातात दिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो नाही. त्याच्याकडून असलं काही होणार नाही.

मुठीतला धागा ओला होता. शेवाळाचा वास येत होता त्याला.

१७ सप्टेंबर

फाटकावर एक. पायरीच्या कठड्याला एक. दाराच्या मुठीला एक.

दारात माझीच टोपली. काठोकाठ पिवळी अळंबी, माती पुसून, देठ खरडून साफ केलेली. आजी करायची तशी.

सगळी नेऊन खतात पुरली. हात धुतले. वास जात नाही.

१८ सप्टेंबर

दवाखान्यात गेले नाही. ताप आहे असं कळवलं.

संध्याकाळी भिंतीपलीकडे सुया वाजायला लागल्या. विणकामाच्या. टिक टिक, थांबायचं, टिक टिक. ओळ संपली की थांबायची ती, तसंच. ते घर रिकामं आहे. कुलूप आहे. किल्ली इल्मोकडे.

भिंतीला तोंड लावून म्हटलं, आजी, चुकलं माझं.

सुया थांबल्या. मग पुन्हा सुरू.

१९ सप्टेंबर

धागे आत आलेत. कपाटाच्या मुठीला. जिन्याला. पलंगाच्या पायाला.

सकाळी टेबलावर कप होता. मी ठेवलेला नाही. काठोकाठ गार कॉफी. आणि कपाच्या कडेला चिखलाचं बोट उमटलेलं, आतून, बुडापर्यंत.

पोलिसांना सांगायला हवं. उद्या. सांगणारच. पण आधी ती कुठे आहे ते बघून येते. फिरायला गेले होते, अचानक दिसली, असं म्हणता येईल. मग धाग्यांचं कुणाला कळायला नको.

हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तरी लिहितेय.

२१ सप्टेंबर, रविवार

वही बरोबर आणलीय. परतताना एकेक खूण लिहून काढणार, म्हणजे सिर्पाला सांगता येईल. आजीचे मोजे घातलेत. पहिल्यांदाच. बूट ओले होते, थंडी आहे.

धागे माझ्या दारापासूनच लावलेत. फाटक, रस्ता, फळ्या, तिथून पुढे. मला फक्त चालायचं होतं.

—

आहे. इथेच आहे ती.

आडव्या स्प्रूसला टेकून बसलीय. हात मांडीवर. टोपली रिकामी. स्वेटरची एक बाही नाहीये, खांद्यापर्यंत उसवलेली. आणि आजूबाजूला प्रत्येक झाडाला, प्रत्येक फांदीला निळा धागा. हात पोचेल तिथे बांधलाय. सवयीने इथवर पोचली, पण परतताना मी सोडवलेले धागे तिला सापडेनात, म्हणून तिने स्वतःची बाही उसवून नव्या खुणा केल्या. आणि त्या खुणांमधून तिथल्या तिथेच फिरत राहिली. शेवाळ तुडवून गोल वाट पडलीय.

किती दिवस फिरली असेल? मी तळ्याकडे हाका मारत होते तेव्हा फिरत होती.

आजी, मी सांगणार. सगळं सांगणार. धाग्यांचंसुद्धा. इल्मोला, सिर्पाला, भर रस्त्यात उभी राहून सांगणार. आत्ता निघते.

—

शेवटचा धागा जिथे होता तिथे नाही.

त्याच्या आधीचा बघायला गेले. तोही नाही. फांदीवर गाठीची खूण आहे फक्त. ओली.

मागे आले तर स्प्रूस कुठे गेला? आत्ता इथेच होता —

—

अंधारून येतंय. कुणीतरी पुढे चालतंय. दिसत नाही. प्रत्येक झाडापाशी थांबतं, सोडवतं, गुंडाळतं, पुढे जातं. मी धावले की तेही —

सुया वाजताहेत.

—

उजाडलंय. हाका ऐकू येताहेत. लांब. इल्मोचा आवाज. काइसु, काइसु करतोय. सगळे आहेत वाटतं. ओ दिली मी. घसा फाटेपर्यंत दिली. ते लांब चाललेत. तळ्याकडे. तळ्याकडे चाललेत ते —

इल्मो, तिकडे नाही!

कुणाला ठाऊक असणार? मी कुणाला सांगितलं नव्हतं. वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

—

मोज्याचं टोक सुटलंय. बुटातून बाहेर, शेवाळावरून, झाडांत गेलंय. हळूहळू ओढलं जातंय. टाच गेली. घोटा उघडा पडला —

लिहिते. आत्ता लिहिते. सिर्पा, जागा सांगते, नीट वाच. फळ्या संपल्या की ओढा लागतो, तिथून डावीकडे — नाही, उजवीकडे — एक मोठा खडक आहे, त्याच्या मागे जायचं आणि मग